रामनगरची मरळ

मासळीबद्दल मला हैदराबादेत काही शिकावं लागेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी हसले असते. मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याच्या बंदरावर माझं बालपण गेलं. पण विद्यानगरला मावसभावाकडे उतरले तो दिवस नेमका मृगाचा निघाला. इथे त्याला ‘मृगशिरा कार्ते’ म्हणतात. आपल्याकडे मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो, इथे अख्खं शहर मासळीबाजाराकडे धावतं. पावसाच्या तोंडावर मासा खाल्ला की अंगात ऊब राहते, अशी समजूत.

“चल, रामनगर दाखवतो,” दादा म्हणाला. रामनगरचा बाजार विद्यानगरला लागूनच आहे.

आणि काय तो बाजार! रस्ता दिसतच नाही, नुसती डोकी. रोहू-कटल्याचे रुपेरी ढीग, एकेक मासा मांडीएवढा. खवले उडतायत, केसांत, चष्म्यावर, शेजारच्याच्या शर्टावर. समुद्राचा खारा वास कुठेच नाही. ओल्या मातीचा, शेवाळाचा, तळ्याचा वास. आणि टबांमध्ये काळ्याशार, सापाच्या डोक्याच्या मरळी सळसळतायत. जिवंत! आमच्याकडे मासळी बर्फात निजून येते. इथली माझ्या तोंडावर पाणी उडवत होती.

सवयीनं माझा हात कल्ल्याकडे गेला. आई कल्ल्याचं झाकण उचलूनच मासा घ्यायची. लाल असला तर ताजा, फिका पडला असला तर कोळिणीशी भांडण. दादा हसला. त्याचं आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात गेलेलं. “तो लाल रंग कसला, ते बघायचंय?” त्यानं टबातला एक रोहू निवडला आणि कापणाऱ्याला काहीतरी तेलुगूत सांगितलं.

कल्ल्यांच्या मागे, खाली, अगदी गळ्याशी हृदय! चिंचोक्याएवढं, गर्द लाल. मासा कापून झालाय, तुकड्या पिशवीत पडतायत आणि तळहातावरचं ते इवलंसं हृदय आपलं आकसतंय, फुगतंय, आकसतंय. मी श्वास घ्यायची विसरले. विल्यम हार्वेनं 1628 साली रक्ताभिसरण मांडलं, त्याआधी त्यानं थंड रक्ताच्या प्राण्यांची अशीच संथ हृदयं निरखली होती म्हणे. गरम रक्ताच्या जनावरांत ठोका इतका जलद की डोळ्याला सापडत नाही.

आपलं हृदय म्हणजे चौसोपी वाडा. माशाचं मात्र कोकणातल्या घरासारखं एका ओळीत, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात. खरे कप्पे दोनच, एक रक्त घेणारा, एक ढकलणारा. पुढे पांढरट रबरी फुगा. पेटीचा भाता थांबून थांबून हलला तरी सूर अखंड राहतो ना, तसं हा फुगा ठोक्याठोक्यानं येणारं रक्त संथ करून नाजूक कल्ल्यांत सोडतो.

आणि गंमत अशी, की या हृदयात शुद्ध रक्त येतच नाही! आपलं रक्त फुप्फुसातून परत हृदयात येतं आणि नव्या जोरानं अंगभर जातं. माशाचं कल्ल्यातून थेट अंगात. एका फेरीत हृदयाची भेट एकदाच. कल्ल्यांच्या बारीक जाळीत जोर ओसरतो, तरी उरलेल्या दाबावर शेपटीपर्यंतचा प्रवास.

पाण्यात प्राणवायू हवेच्या तिसाव्या हिश्शाइतकाही नसतो. मग भागतं कसं? पंगत आठवा. जिलबीच्या वाढप्याबरोबर त्याच दिशेनं चालाल तर त्याचं ताट रिकामंच होत जाणार. समोरून चालत गेलात, तर पुढचं प्रत्येक ताट अधिक भरलेलं. कल्ल्यात पाणी एका दिशेनं, रक्त उलट्या दिशेनं. त्यामुळे पाण्यातला 80 टक्क्यांपर्यंत प्राणवायू मासा काढून घेऊ शकतो. आई लाल रंग बघायची, तो या पंगतीचा.

मरळीचं तंत्र आणखी वेगळं. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, तिला हवेची कोठी असते. पृष्ठभागावर येऊन ती हवेचा घोट घेते. तिच्या हृदयातून निघणारी वाट दुभंगते. एक फाटा पुढच्या कल्ल्यांतून या कोठीकडे, दुसरा मागच्या कल्ल्यांतून अंगाकडे. कोठीत ताजं झालेलं रक्त मात्र शिरेतून पुन्हा हृदयात येतं आणि तिथे मळक्या रक्तात थोडंफार मिसळतं. म्हणजे रोहूच्या हृदयाला कधीच न मिळणारं ताजं रक्त मरळीच्या हृदयाला मिळतं! हिला इथे ‘कोर्रमीनु’ म्हणतात आणि तेलंगणाचा राज्यमासा तीच.

मृगाच्याच सुमारास नामपल्लीच्या मैदानावर हजारो दमेकरी रांगा लावतात. बथिनी कुटुंबातली माणसं बोटभर जिवंत मरळीच्या तोंडात पिवळं औषध भरतात आणि ती मरळ रोग्याच्या घशात सोडतात. दम्यावर याचा उपयोग होतो, याला वैद्यकशास्त्राचा पुरावा नाही. तरी माणसं येतात, लांबलांबून. मला मात्र वाटलं, श्वासाच्या रोग्यांना नेमका हवा गिळणारा मासा द्यावा, हे सुचलं तरी कुणाला?

आम्ही दोन मरळी झाकणाच्या बादलीतून घरी आणल्या. विद्यानगरला पोचल्यावर वहिनीनं आधी झाकण काढलं आणि मला दटावलं. तुम्हीही कधी जिवंत मरळ घेतलीत तर बादली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावू नका. वर येऊन हवा घेता आली नाही, तर मरळ पाण्यात गुदमरून मरते.