एक पुस्तक, दोन बुकमार्क

पत्ता सांगताना आम्ही ‘हिंजवडी फेज थ्री’ म्हणतो, पण आमचं गाव माण, मुळशी तालुक्यातलं. इकडे आयटीच्या काचेच्या बिल्डिंगा, मेट्रो लाइन थ्रीचा डेपो, तिकडे शेतं. नवऱ्याची शिफ्ट रात्रीची, माझं काम दिवसाचं. भेट काय ती दारात, त्याचं हेल्मेट निघेपर्यंत!

मग आम्ही एक फंडा काढला. अप्पा बळवंत चौकातून थ्रिलर आणायचं आणि डायनिंग टेबलवर ठेवायचं. तो सकाळी झोपण्याआधी वाचणार, मी दुपारी. कुणावर संशय येतोय, ते समासात पेन्सिलीने लिहायचं. सुहास शिरवळकरांचे फॅन असलेले बाबा हसले, ‘‘आमच्या वेळी लायब्ररीच्या पुस्तकात खुन्याचं नावच कुणीतरी लिहून ठेवायचं!’’

एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि साहेबांनी जाता जाता ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधला खुनी सांगून टाकला. चार दिवस पुस्तक बंद. तेव्हा कळलं, आमच्या गप्पा त्या समासातच चालायच्या.

पाचव्या दिवशी टेबलवर नवं पुस्तक. केइगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, मूळ जपानी, २००५ चं. पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘यात खून कुणी केला ते सुरुवातीलाच कळतं. आता भांडलो तरी मला सांगता येणार नाही. सॉरी.’

खरं रहस्य अर्थातच शेवटी होतं. ते प्रकरण आम्ही रविवारी बाल्कनीत बसून वाचलं. मोठ्याने, एकेक पान आळीपाळीने.