कडक भाकरीचा डबा द्रासला पोचला

“या वयात मोटारसायकलवर? आणि तेही काश्मीरला?” सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. मी बावन्न वर्षांची, दादा पंचावन्नचा. ह्यांनी मात्र चष्मा वर करून एवढंच विचारलं, “हेल्मेट दोघांना आहे ना?” झालं! परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

दादाचा एक जिवलग मित्र होता. सगळं गाव त्याला ‘हवालदार’ म्हणे. आमचं माहेर जत तालुक्यातलं. दादा आणि हवालदार एका बाकावर शिकले, एकाच विहिरीत पोहले. पुढे हवालदार तोफखान्यात भरती झाला, नाशिकरोडला शिकला आणि १९९९ साली कारगिलच्या लढाईत द्रासला होता. निवृत्त झाल्यावर गावात पिठाची गिरणी घातली. दर राखीला मी दोन राख्या घेऊन माहेरी जायची, एक दादाची, एक त्याची.

“एकदा बुलेटवर द्रासला जाऊ,” असं तो दरवर्षी म्हणायचा. दादाचं उत्तरही दरवर्षीचंच, “पुढच्या वर्षी नक्की.” आधी घराचं कर्ज, मग आईचं आजारपण, मग मुलीचं लग्न. २०२२च्या मार्चमध्ये हवालदार झोपेतच गेला. दादा तेराव्यापर्यंत कोणाशी धड बोलला नाही. नंतर एकदा मला म्हणाला, “अगं, मी त्याला पंधरा वेळा ‘पुढच्या वर्षी’ म्हणालो.” तेव्हाच मी ठरवलं, याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी, म्हणजे हवालदाराच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात बोलावलं. ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या होत्या. पातळ थापून, मंद आचेवर पापडासारख्या वाळवलेल्या. या भाकऱ्या कापडात गुंडाळून ठेवल्या तर महिनाभरही टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी.

“ताई, तुम्हाला ठाऊक आहे ना, २६ जुलैला हे गिरणी बंद ठेवायचे?”

“हो, विजय दिवस म्हणून.”

“लोकांना तसंच वाटायचं. त्या दिवशी मी दोन पानं वाढायची. एक यांचं. दुसरं कुणाचं, ते मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.” तोफांचा मारा नीट पडतोय का हे बघायला काही जवान पुढे डोंगरावर जात. त्यात यांचा एक सोबती वायरलेस घेऊन निघाला. जाताना म्हणाला, “भाकरी झाकून ठेव, आल्यावर खातो.” तो आला नाही. वहिनींनी डब्याबरोबर एक चिठ्ठी दिली. तिच्यावर हवालदाराच्या अक्षरात त्या सोबत्याचं नाव होतं.

२०२३च्या जूनमध्ये आम्ही निघालो. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मूपर्यंत. बुलेट त्याच गाडीच्या पार्सलच्या डब्यात, टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून. जम्मूपासून खरा प्रवास. बनिहालचा बोगदा ओलांडून काश्मीरच्या खोऱ्यात उतरलो, की रस्त्याकडेचे सफेद्याचे उंच झाड आणि भाताची खाचरं दिसू लागली. कोकणात आल्यासारखं वाटलं म्हणाल, तर थंडी सोडून! आमची प्रीपेड सिमकार्डं मात्र तिथे बंद पडली. जाणाऱ्या मैत्रिणींनी याची आधी चौकशी करावी.

श्रीनगरहून सोनमर्ग ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आता २०२५पासून तिथला बोगदा सुरू झाला आहे, आम्ही जुन्या रस्त्यानं गेलो. सोनमर्गला मुक्काम केला आणि पहाटे जोझी ला खिंडीला लागलो. साडेअकरा हजार फूट उंची, एका बाजूला बर्फाच्या भिंती, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे चिखल. लष्कराच्या ट्रकांची रांग आली की कडेला थांबायचं. दोनदा मी उतरून चालले. एक हात दादाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातानं डबा छातीशी. दादा ओरडला, “अगं, डबा बांध मागे!” मी म्हटलं, “तू गाडी सांभाळ, डब्याचं मी बघते.”

खिंड उतरली की डोंगरावरची झाडं संपतात. उघडेबोडके, तपकिरी कडे. द्रास गावाच्या थोडं पुढे, हमरस्त्याला लागूनच, तोलोलिंगच्या पायथ्याशी युद्धस्मारक आहे. या रस्त्यावरूनच लडाखला रसद जाते. माथ्यावर शत्रू बसला होता आणि खालचा हा रस्ता त्याच्या माऱ्यात होता, म्हणून ही शिखरं घेणं भाग होतं. तोलोलिंग जूनमध्ये, टायगर हिल जुलैमध्ये परत मिळालं. खालून बोफोर्स तोफा धडधडत होत्या आणि पायदळ रात्री तो कडा चढत होतं. त्या कड्याकडे बघितल्यावर मला आमच्या घराचा जिना चढतानाची माझी कुरकुर आठवली आणि लाज वाटली.

इथल्याच ५१४० क्रमांकाच्या शिखराला तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ नाव दिलं, ते २०२२च्या जुलैमध्ये. हवालदार चार महिने आधी गेला. दादा बराच वेळ डोंगराकडे बघत उभा होता. मग पुटपुटला, “बघ, आलो रे.”

भिंतीवर पाचशेहून जास्त नावं आहेत. चिठ्ठीतलं नाव सापडायला अर्धा तास लागला. मी डबा उघडून खाली ठेवू लागले, तेवढ्यात पहाऱ्यावरचा जवान पुढे आला. माझ्या मुलाच्या वयाचा. “माताजी, इथे खायचं काही ठेवता येत नाही,” असं हिंदीत नम्रपणे म्हणाला. माझे हातपाय गळाले. एवढ्या लांब आणून डबा परत न्यायचा? वहिनींना काय सांगू? दादाचाही आवाज फुटेना. शेवटी मीच माझ्या मोडक्या हिंदीत सगळी हकिगत सांगितली.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “ठेवता येणार नाही, पण खाता येईल. वीस मिनिटांनी माझी ड्यूटी संपते.”

ड्यूटी संपवून तो आणखी दोघांना घेऊन बाहेर आला. रस्त्याकडेला दगडांवर बसलो. धक्क्यांनी भाकऱ्यांचे तुकडे झाले होते. तिघांनी चटणीला लावून कुरूम कुरूम खाल्ले. एकानं विचारलं, “हा पापड कशाचा?” दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसला. डबा रिकामा झाला.

संध्याकाळी एका दुकानातून फोन मागून वहिनींना लावला. त्यांनी ना हवा विचारली, ना रस्ता.

“जेवला का तो?”

“जेवला, वहिनी. तिघांच्या तोंडून जेवला.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, “डबा धुऊन आणा हो. झाकण हरवू नका.”