बारदानामागचे दार

नगरच्या आडते बाजारात पिढीजात भुसार पेढी असलेल्या एका घरातील मोठ्या बाई गेल्या चातुर्मासात अरिहंतशरण झाल्या. वय ८८ वर्षांचे होते.

गुणानुवाद सभेत त्यांच्या तपांची यादी वाचली गेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घेतलेला चौविहाराचा नियम अखेरपर्यंत मोडला नाही. रोजची सामायिक, कितीतरी अठ्ठाया, दोन वर्षीतप. यादी खरीच होती. पण ज्यांनी त्यांना घरात वावरताना पाहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे आधी येते ते सुपातील ज्वारी निवडणे. सापडलेला प्रत्येक किडा त्या अलगद उचलीत, मूठभर दाण्यांसह एका वाटीत ठेवीत आणि ती वाटी कोठाराच्या सावलीत नेऊन ठेवीत. भुसार मालाच्या घरात हे काम कधी संपत नाही. सुना कंटाळत, मोठ्या बाई कधी कंटाळल्या नाहीत.

अशा बाईंच्या मनात एक गाठ होती, आणि ती २३ वर्षे राहिली.

१९८९ साली दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. पंचांसमोर हिशेब चालू असताना धाकट्या जाऊबाई बोलून गेल्या, "तिजोरीची चावी भाभीजींच्याच कमरेला होती." मोठ्या बाईंनी चावी काढून पंचांपुढे ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. वाड्यात भिंत उभी राहिली. भिंतीत एक दार ठेवले होते. त्याच्यापुढे रिकाम्या बारदानाच्या थप्प्या लागल्या.

संवत्सरीला मोठ्या बाई घरोघरी जात, पेढीवरच्या हमालांनाही हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत. त्या एका घरी मात्र मुलांबरोबर निरोप जाई. क्रोधाच्या चार रेघा त्यांना ठाऊक नव्हत्या असे नाही. पाण्यावरची, वाळूवरची, जमिनीवरची आणि दगडावरची. पंधरवडा, चार महिने, वर्ष आणि जन्मभर टिकणारी. सुनांना त्या स्वतःच हे समजावून सांगत, आणि चौथ्या रेघेपाशी आल्या की विषय बदलीत. दिवंगत व्यक्तीविषयी असे लिहिणे कोणाला रुचणार नाही. पण हे वगळले तर पुढे घडले त्याचे मोल कळत नाही.

२०१२ साली दुसरा वर्षीतप पूर्ण होत आला. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, प्रतिक्रमण आटोपून दिवस उजाडताच, त्यांनी हमालाला बोलावून थप्प्या हलवायला लावल्या. कडी गंजली होती, हातोडीने ठोकून काढावी लागली. पलीकडे धाकट्या बाई पाणी गाळीत होत्या.

"त्या दिवसापासून तुझ्याविषयी मनात धरून बसले," मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या उसाचा रस घेण्याआधी हे टाकायचे आहे. मिच्छामि दुक्कडम्."

धाकट्या बाईंच्या हातातील गळणे ठिबकत राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भाभीजी, बसा. गुडघे दुखत असतील." त्या सकाळी बोलणे झाले ते एवढेच. दुसऱ्या दिवशी पारण्याचा पहिला पेला मोठ्या बाईंनी त्यांच्याच हातून घेतला. पुढची १२ वर्षे दोघी जावा त्या दाराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसत.

एक गोष्ट मात्र मोठ्या बाईंनी तेव्हाही सांगितली नाही. १९७२ च्या दुष्काळात गावोगावची उधारी अडकली, तेव्हा पेढीची पत राखण्यासाठी त्यांनी आपल्या पाटल्या काढून शेठजींच्या हाती दिल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत. चावीच्या बोलण्याला हेच उत्तर होते. ते त्यांनी पंचांसमोर दिले नाही, आणि दार उघडले त्या सकाळीही दिले नाही. क्षमा मागताना हा हिशेब पुढे केला असता, तर ती वसुली झाली असती.

ही हकीकत सभेत थोरल्या मुलाने सांगितली. धाकट्या बाई स्त्रियांच्या पहिल्या रांगेत होत्या. त्या ती प्रथमच ऐकत होत्या. त्यांना बोलण्याची विनंती झाली. त्या उठल्या, दोनदा "भाभीजी" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

घरी आल्यावर त्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. सूप पुढे होते, वाटी शेजारी होती. जेवणासाठी दोनदा बोलावणे आले. त्या उठल्या तेव्हा सूर्य मावळून गेला होता.