गोल साखळी

रातपाळी करून आलो की लगेच झोप लागत नाही. कानात रिंगफ्रेम चालूच असते. धाकटा भाऊ तेव्हा पुस्तक उघडून बसलेला असतो. यंदा बी.एस्सी. झाला, मायक्रोबायॉलॉजीत. परवा म्हणाला, "दादा, मला नोकरी नको. संशोधन करायचंय. सिंथेटिक बायॉलॉजी."

मी दहावी नापास. नऊ वर्षं सूतगिरणीत तुटलेला धागा जोडतोय. म्हणलं, "मला कळंल असं सांग. पैसे मी भरणाराय."

त्यानं सांगितलं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल एलोवित्झ हा पीएच.डी.चा विद्यार्थी. शिकलेला फिजिक्स, पण शिरला जीवशास्त्रात. पेशीतलं यंत्र नुसतं बघायचं कशाला, आपणच जोडून बघू, असं ते काम. तो आणि त्याचे गुरू स्टॅनिस्लास लीब्लर यांनी ई. कोलाय नावाच्या जंतूत तीन जनुकं बसवली. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं फिरून पहिल्याला.

हे मात्र मला झटकन कळलं. कोण कुणाला दाबतो याची शिकवणी आपल्याला लागत नाही. पण आपल्याकडं ही साखळी गोल नाही, उतरंड आहे. तळातला वरच्याला कधी दाबत नाही. तिथं गोल केली म्हणून प्रत्येकाची पाळी येते, आणि जंतू हिरवा पेटतो, विझतो, परत पेटतो. एका फेरीला दोन-अडीच तास. तेवढ्यात जंतू फुटून एकाचे दोन झालेले असतात. म्हणजे आईनं सुरू केलेली फेरी लेकीच्या अंगात पुरी होते. 2000 साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. सगळे जंतू काही लुकलुकले नाहीत, निम्म्याहून कमीच. तेही ज्याच्या त्याच्या तालात.

मग 2010 साली सॅन डिएगोत टाल डॅनिनो हा विद्यार्थी आणि त्याच्या सोबत्यांनी जंतूंना एकमेकांशी बोलायची सोय करून दिली. एकातून निरोपाचा रेणू बाहेर पडतो, शेजाऱ्यात शिरतो. गर्दी पुरेशी झाली की सगळी वसाहत एकदम पेटते, एकदम विझते.

"मोर्चाच की!" मी म्हणलं.

"दादा, प्रत्येक गोष्टीत मोर्चा घालू नको. त्यांना काय कळत नसतं."

आई चुलीपाशी ऐकत होती. भाऊ सांगत होता, एका भांड्यातला थेंब दुसऱ्यात पडला की प्रयोग वाया. आई म्हणाली, "म्हणजे तिथंबी विटाळच की रं." तो गप्प झाला. मग म्हणाला, "नाही आई. कोण पेटलं ते कळावं म्हणून वेगळं ठेवतात. नंतर मुद्दाम एकत्र वाढवतात." मला वाटलं, 1927 साली चवदार तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' करणाऱ्यांना ही पोरं शेजारी बसवून दुर्बीण दाखवायला पाहिजे होती.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल वस्तीला पाणी नाही अन् हा जंतू सांगतोय. थांबा, पुढं ऐका.

तो हिरवा दिवा जेलीफिशचा. त्याचं जनुक डग्लस प्रॅशर यानं वेगळं करून 1992 साली छापलं. अनुदान संपलं, तेव्हा त्यानं ते मागणाऱ्यांना देऊन टाकलं. 2008 साली या हिरव्या प्रथिनासाठी तिघांना नोबेल मिळालं. त्यातल्या दोघांना जनुक यानंच दिलेलं. हा तेव्हा अलाबामात गाड्यांच्या एका शोरूमची गाडी चालवत होता. पुढं त्या दोघांतल्या एकानं आपल्या प्रयोगशाळेत त्याला काम दिलं, हेही खरं.

मी भडकलो. "हे ऐकून मी पैसे भरू?"

"खोटं सांगून घ्यायचे नव्हते."

एम.एस्सी.ची दोन वर्षं माझ्या खिशातून. मग नेट. जेआरएफ लागली तर महिन्याला 37 हजार, 2023 पासूनचा दर. माझ्या पगाराच्या दुपटीवर, वेळेवर आली तर. कॉलेजातले एक सर त्याला म्हणाले, तुमचं काय, तुम्हाला मिळतंच. काय मिळतं, ते आमच्या आईला विचारा.

मुकादमाकडं दोन हजारांची उचल मागितलीय. हो म्हणला तर सोमवारी फॉर्म भरू.