शेवटची सायकल



मागच्या रविवारी आमची नात रुसून बसली होती. पंधरा वर्षांची आहे. इथल्या एका सायकल ग्रुपबरोबर इंदूर-महेश्वर-ओंकारेश्वर-इंदूर अशी सफर ठरलीय, अठरा मुलंमुली आहेत. गियरची सायकल, हेल्मेट, मागे सामानाची गाडी, मोबाइलवर लोकेशन, सगळं आहे. मग रुसायला काय झालं? तर तिला रांगेत सगळ्यात शेवटी ठेवलंय. "आजोबा, मी काय इतकी स्लो आहे का? सगळे चिडवतायत."

मी तिला म्हटलं, बस इथे, तुला एक सांगतो. जे सांगितलं ते मी अठ्ठावन्न वर्षांत घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता इथेही लिहितो. का, ते शेवटी कळेल.

डिसेंबर १९६७. मी सोळा वर्षांचा, अकरावीत. आम्ही रामबागेत राहायचो. आमच्या व्यायामशाळेत एक अण्णा यायचे. कापड मिलमध्ये कारकून, वय असेल तीस-बत्तीस. संध्याकाळी मुलांना मल्लखांब शिकवायचे. त्यांनीच काढलं की बड्या दिवसांच्या सुटीत सायकलने नर्मदेवर जाऊ. जाताना महू, मानपूर, धामनोद करत महेश्वर. तिथून मंडलेश्वर, बडवाह, ओंकारेश्वर. येताना चोरल, सिमरोल. एकूण अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पाच दिवस.

घरी परवानगी मिळेना. आईचं माहेर कराडचं. ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला होता आणि मामाचं पत्र यायला चार दिवस लागले होते. त्या चार दिवसांत आईचा चेहरा पाहिला होता. पत्र आलं, सगळे सुखरूप, पण "आता कोणी कुठे जायचं नाही" हे तिचं पक्कं झालं होतं. शेवटी अण्णा घरी आले, जोत्यावरच बसले आणि म्हणाले, "वहिनी, अकरा नेतो, अकरा आणतो." एवढंच बोलले. आईने चहा ठेवला, म्हणजे परवानगी मिळाली.

वर्गणी प्रत्येकी १५ रुपये. अकरा जणांचे १६५ झाले. मला गणित बरं यायचं म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. आणि मी अंगाने दणकट म्हणून दुसरं कामही माझ्याकडे: शेवटची सायकल. पंप, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे, पाने, वॉल्व्हट्यूब, सगळी पिशवी माझ्या कॅरिअरला. अण्णांचा नियम सोपा होता. ते पुढे, मी मागे, बाकीचे मध्ये. कोणाचंही पंक्चर झालं तरी पंप मागूनच येणार, म्हणून पंपवाल्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. पुढच्यांनी दर पाच मैलांवर थांबायचं. मी हात वर केला की सगळे आले असं समजून पुन्हा निघायचं.

माझ्या पुढे, म्हणजे अकरावा, माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ होता. तेरा वर्षांचा. त्याला सगळे धाकट्याच म्हणायचे. त्याची सायकल भाड्याची, दिवसाला सव्वा रुपया, सीट पार खाली केलेली. चेन ढिली होती, दर तासाला उतरायची. तो उतरायचा, चेन चढवायचा, हात पँटला पुसायचा, पुन्हा निघायचा. मी उभा.

पहाटे पाचला निघालो. थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. राऊ गेलं, महू आलं, २३ किलोमीटर. तिथे पोहे खाल्ले. मानपूरला पोचेपर्यंत अकरा वाजले. दशम्या आणि लसणीची चटणी सोडली. तोवर सहा तास मी एकच दृश्य पाहत होतो: धाकट्याची पाठ. पुढे पोरं गाणी म्हणतायत, शर्यती लावतायत, त्यांचा आवाज वाऱ्यावर येतोय, आणि मी या पाठीमागे. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचा राग यायला लागला होता.

ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर. महेश्वर खाली निमाडात, दीडशे मीटरवर. मध्ये विंध्य. मानपूरनंतर रस्ता वळणं घेत खाली उतरतो. आज तिथे चौपदरी हायवे आहे, तेव्हा साधा आग्रा-बॉम्बे रोड होता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आमच्या सायकलींना सळईचे ब्रेक. लांब उतारावर रबर तापून घासलं जातं आणि मग ब्रेक दाबला तरी सायकल ऐकत नाही. म्हणून घाटाच्या तोंडाशी अण्णांनी सगळ्यांना उतरवलं. प्रत्येकाचे ब्रेक दाबून पाहिले. "दोन सायकलींत वीस हातांचं अंतर. अवघड वळणावर उतरून चालायचं. वेग आला तर आधी मागचा ब्रेक, मग पुढचा."

निघालो. पहिल्याच वळणावर धाकट्याची चेन उतरली.

तो बाजूला झाला. मीही थांबलो. खाली पोरं एकामागून एक वळणाआड जात होती, आरडाओरडा करत. धाकट्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी आलोच."

मी गेलो.

तो उतार मला अजून आठवतो. स्वेटरमध्ये वारा शिरलेला, डोळ्यांतून पाणी, पायडल मारायचंच नाही. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. आयुष्यात इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर जे झालं त्यामुळे तो आनंद खोटा होता असं म्हणता येत नाही.

खाली गुजरीला चहाच्या टपरीवर सगळे जमले. अण्णांनी मोजले. दहा. पुन्हा मोजले. मग माझ्याकडे पाहिलं.

"पंप कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"मग शेवटचा कोण?"

मी काय बोलणार? म्हटलं, त्याची चेन पडली होती, येईलच. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. तेवढ्यात वरून एक ट्रक आला. ड्रायव्हर चहाला उतरला आणि म्हणाला, "ऊपर मोड़ पर एक बच्चा बैठा है, साइकिल टूटी पड़ी है. आपका है क्या?"

बाकीच्यांना टपरीवर बसवून अण्णांनी वर जाणारा ट्रक थांबवला. मला म्हणाले, "चल. पंप घे." केबिनमध्ये तो पंप मांडीवर घेऊन मी बसलो होतो. कोणी काही बोललं नाही. प्रत्येक वळणावर मी दरीकडे बघायचं टाळत होतो.

तो मैलाच्या दगडावर बसला होता. गुडघा फुटलेला, त्यावर लुगड्याची चिंधी बांधलेली. शेजारी सडकेची खडी फोडणारी एक बाई, तिने त्याला पाणी पाजलं होतं, चिंधी तिचीच. सायकलचं पुढचं चाक वाकडं झालेलं. उतारावर चेन पुन्हा पडली, तो घाबरला, पुढचा ब्रेक कचकन दाबला, आणि डोंगराच्या बाजूच्या दगडांवर आदळला. डोंगराच्या बाजूच्या. दुसरी बाजू दहा-बारा फुटांवर होती.

आम्हाला पाहिल्यावर त्याचं पहिलं वाक्य: "अण्णा, मीच याला पुढे जा म्हटलं."

अण्णांनी आधी त्याचा गुडघा पाहिला, पाय हलवून पाहिला. त्या बाईला हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याने जा म्हणायचं असतं. आपण जायचं नसतं."

मला वाटलं, आता पंप काढून घेतील आणि दुसऱ्या कोणाला देतील. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. एकदा शिक्षा झाली की सुटलो. पण अण्णांनी वाकडी सायकल खांद्यावर घेतली, धाकट्याचा हात धरला आणि म्हणाले, "तू मागून ये."

महेश्वर त्या रात्री गाठता आलं नाही. धामनोदला धर्मशाळेत राहिलो. सकाळी मिस्त्रीने चाकाचे सहा स्पोक बदलले, रिम सरळ केली, चेनची एक कडी काढली. ३ रुपये ७५ पैसे. मी वहीत लिहिलं: "किरकोळ दुरुस्ती ३.७५".

दुपारी महेश्वर. किल्ल्यात अहिल्याबाईंची गादी पाहिली. इतकी साधी की पोरं म्हणाली, बस, एवढीच? घाटावर बसून अण्णांनी होळकरांच्या हिशेबाचं सांगितलं. खासगी वेगळी आणि दौलत वेगळी. देवळं, घाट, धर्मशाळा यांना बाईंनी हात घातला तो खासगीत. एका खात्यातलं दुसऱ्यात दडपायचं नाही. मग म्हणाले, "आण बघू वही."

वाचत वाचत त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं. "किरकोळ?"

मी खिशातून आईने दिलेली पाच रुपयांची नोट काढली. म्हटलं, हे माझ्याकडून. ते म्हणाले, "ठेव. सायकल आपल्या गटातली, पैसे गटाचे. नोंद तेवढी खरी कर."

मी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "पुढचं चाक, मी जागा सोडली म्हणून, ३.७५". अण्णांनी शेजारी सही केली. विषय संपला. परत येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही, मुलांपुढेही नाही.

पुढचे तीन दिवस मी धाकट्याची पाठ पाहत सायकल चालवली. मंडलेश्वर ते बडवाह रस्ता सपाट, दोन्हीकडे कपाशी आणि ज्वारी. एका शेतावर अंबाडीची भाजी आणि भाकरी मिळाली, पैसे घ्यायला तयार नव्हते. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, ओंकारेश्वरला नावेने बेटावर गेलो. परतताना भेरूघाट चढायचा होता. धाकट्याचा गुडघा सुजलेला. मी एका हाताने माझी सायकल ढकलत होतो आणि दुसऱ्याने त्याचं कॅरिअर. मध्येच तो मागे न बघता म्हणाला, "आहेस ना रे?" म्हटलं, आहे. वर पोचेपर्यंत त्याने तीन-चार वेळा विचारलं असेल.

रामबागेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई दारात होती. अण्णा म्हणाले, "वहिनी, अकरा." धाकट्या पडला होता एवढंच सगळ्यांना कळलं. वही अण्णांकडे गेली.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, छत्तीस वर्षं नोकरी केली. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. "साहेब, तुम्ही निघा, मी बंद करून घेतो," असं भले भले कॅशियर म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. मी कधी निघालो नाही. आणि व्हाउचरवर "किरकोळ" दिसलं की मी हटकून विचारायचो, कसलं किरकोळ? स्टाफ मागे हसायचा, मला माहीत होतं.

धाकट्याशी मैत्री शेवटपर्यंत राहिली. तो देवासला स्थायिक झाला. लग्नकार्यात भेटला की पोरांना गुडघ्यावरचा व्रण दाखवायचा. "घाटात पडलो होतो, ब्रेक लागला नाही." माझ्याकडे बघायचा, हसायचा, आणि पुढचं सांगायचा नाही.

मागच्या वर्षी तो गेला. तेराव्याला त्याच्या मुलाने सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली: बाबा तेरा वर्षांचे असताना एकटे घाट उतरले, पडले, पण रडले नाहीत. लोक माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही होतात ना बरोबर?"

मी मान हलवली. हो, होतो.

खोटं बोललो. मी बरोबर नव्हतो, तीच तर गोष्ट आहे. म्हणून आज इथे लिहिलं. त्याची मुलं या ग्रुपवर आहेत. बाळांनो, तुमचे बाबा एकटे उतरले ते शूर म्हणून नाही, मी त्यांना सोडून गेलो म्हणून. शूर ते नंतर झाले, जेव्हा मैलाच्या दगडावर बसून त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली. आणि नंतर ५७ वर्षं ती तशीच ठेवली.

नातीने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, पण त्या अण्णांनी पंप तुमच्याकडेच का ठेवला?" मी म्हटलं, तू जाऊन ये, मग तूच मला सांग.

शनिवारी पहाटे पाचला निघतेय. पंप तिच्याकडे आहे. काल संध्याकाळी तिने स्वतःहून तिच्या पुढच्या मुलाला फोन करून विचारलं, तुझी चेन नीट आहे ना?

त्या घाटाने सायकलवर कोणी गेलं असाल, तेव्हा किंवा आता, तर जरूर लिहा.