खाडा

आमच्या घरी दोन वह्या आहेत. एक माझी, स्पायरलची, मुखपृष्ठावर विद्यापीठाचं बोधचिन्ह. दुसरी आईची, लाल कापडी बांधणीची, पानांना हळदीचे डाग. माझ्या वहीत तीन वर्षांची उद्योजकता आहे. आईच्या वहीत खाडे.

मेसवर जेवलेल्यांना खाडा सांगायला नको. बाकीच्यांसाठी : पोरगं आधी सांगून गावाला गेलं, तर तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा. आमची मेस पुण्यात, सदाशिव पेठेत. जेवणारी बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची. त्यांच्या गावच्या जत्रा, बहिणींची लग्नं, पेरण्या, सगळं आईच्या वहीत एकेका फुलीत मावतं. परीक्षेचा निकाल लागला की दोन-तीन दिवस फुल्याच फुल्या. सरकारी यादी नंतर बघितली तरी चालते.

पहिल्या वर्षी सरांनी कँटिलॉन शिकवला. आयर्लंडमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये पेढी चालवलेला माणूस. त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, 1755 साली छापला गेला. त्याच्या हिशेबी उद्योजक म्हणजे ठाऊक असलेल्या भावाने घेऊन ठाऊक नसलेल्या भावाने विकणारा. मी भारावून घरी आले आणि आईला हे ऐकवलं. ती गवार मोडत होती.

"माझं उलटंय," ती म्हणाली. "डब्याचे पैसे एक तारखेलाच ठरलेले. गवार कितीला पडेल ते मंडईत गेल्यावर कळतं."

हे पेपरात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. उत्तरपत्रिकेत आई घालायची सोय नसते.

वर्गात गोष्टी खूप सांगितल्या जायच्या आणि सगळ्या जिंकलेल्यांच्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 चा. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत, त्यामुळे शेतकरी त्याला हात लावेनात. स्लाइडवर हा काळ एका ओळीत उरकला होता. पुढच्या स्लाइडवर थेट किर्लोस्करवाडी. माझं मन मात्र त्या एका ओळीत अडकून राहिलं. न खपलेल्या नांगरांना गंज चढू नये म्हणून तेल कोण लावत असेल? लावताना काय बोलत असेल?

मग नऊ चौकोनांचा तो प्रसिद्ध तक्ता आला. गिऱ्हाईक कोण, त्याला काय देणार, पैसा कुठून येणार, कुठे जाणार. आम्ही चौघींनी त्यात डब्यांचं अ‍ॅप भरलं. स्पर्धेत दुसऱ्या आलो. परीक्षकांनी विचारलं, पाच वर्षांत किती शहरं? आम्ही बारा म्हणालो. कसं काय, ते कुणी विचारलं नाही. घरी तो तक्ता आईपुढे धरला तेव्हा तिने चष्मा चढवला, नऊही चौकोनांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात खाडा कुठे धरलाय?"

तीन वर्षांत मी काही शिकले नाही, असं म्हणणं सोपं आहे आणि त्यावर हशाही मिळेल. पण ते खोटं ठरेल. शेवटच्या सत्रात एखाद्या चालू धंद्याचा खर्च काढायचा होता. मी आमचीच मेस घेतली. 40 डबे, महिना 2,800, म्हणजे 1,12,000. किराणा, भाजी, गॅस, भाडं, पोळ्यांच्या मावशींचा पगार, सरासरी खाडे, सगळं जाऊन उरले 18,000. आई खूश. मग तक्त्यातला एक रकाना रिकामा दिसला : मालकाच्या श्रमाचं मोल. मावशींना दिवसाच्या चार तासांचे महिना 8,000. आई पहाटे साडेचारला उठते. दुपारचं पडणं सोडलं तर चौदा तास उभी असते. मावशींच्याच दराने 28,000.

म्हणजे धंदा दरमहा 10,000 तोट्यात होता, आणि तो तोटा आई उभ्या उभ्या भरत होती.

लिज्जतची गोष्ट मला तेव्हा नीट कळली. 1959, गिरगाव, सात बायका, 80 रुपये उसने. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण तिथे पापड लाटणारीला लाटल्याचे पैसे मिळतात आणि मालकीणही तीच असते, ही त्यातली खरी अक्कल. आमच्याकडे मालकीण होती, लाटण्याचे पैसे नव्हते.

हे आईला कसं सांगावं, याचा तास कधी झाला नाही. दोन दिवस मी कागद उशाखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी तिनेच काढून वाचला. रात्री भांडी घासताना म्हणाली, "एवढी महाग आहे होय मी?" पाठमोरी होती. हसली की नाही, ते दिसलं नाही.

पुढच्या महिन्यात मी नोकरीला लागतेय. पदवी उद्योजकतेची आणि चाकरी दुसऱ्याची, म्हणून मैत्रिणी चिडवतात. चिडवू देत. घरात एका वेळी एकच तोटा परवडतो.

एक तारखेपासून डबा 3,000 झाला. तिघांनी बंद केला. त्यातला एक, लातूरकडचा, परवा परत आला आणि मधल्या सहा दिवसांचा खाडा मागू लागला. आईने वही उघडली, त्याच्याकडे बघितलं, आणि चार धरले.