पेवातली ज्वारी

आमच्या गावच्या पांढरीत पूर्वी पेवं होती. निलंगा तालुक्यातलं, मांजरेच्या पट्ट्यातलं गाव. चहूकडे काळी जमीन, पण काळं रान पाणी धरून ठेवतं, म्हणून पेव खोदायचं ते गावठाणातल्या घट्ट पांढऱ्या मातीतच. तोंड जेमतेम एक माणूस आत जाईल एवढं, खाली पोट ऐसपैस. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, आत ज्वारी ओतायची, तोंडावर दगड बसवून वर माती लिंपायची. अशी ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. रंगानं पिवळट पडायची, भाकरीला उग्र वास यायचा, पण पोट भरायचं. उघडलेल्या पेवात कुणी लगेच उतरत नसे. आत कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी दिवा सोडायचा; तो तेवत राहिला तरच खाली उतरायचं.

मी आमचं पेव पाहिलं ते बुजत आलेलं. पण त्याच्यावरून घरात चाललेला वाद मी लहानपणापासून ऐकला, आणि आता ओमानमधल्या बरक्यात दर पगाराला तोच वाद माझ्या मनात चालतो. अंगावर कर्ज असताना शिल्लक ठेवावी का?

आजी सांगायची ती हकिकत अशी. आत्याच्या लग्नाचं देणं फिटलं नव्हतं. सावकाराचा माणूस ओसरीवर येऊन बसे आणि म्हणे, पेव भरलंय की, ते मोडा आणि मोकळे व्हा. आजोबांनी पेव मोडलं नाही. नदीकडचं एक रान गहाण दिलं. पुढं १९७२ चा दुष्काळ पडला. गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलं, तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन जगलं. आजी-आजोबांनीही खडी फोडली, पण सांजेला घरी ज्वारीची भाकर होती आणि त्या साली नवं देणं झालं नाही. ज्यांनी होतं नव्हतं ते विकून आधीच देणं फेडलं होतं, ते पुन्हा त्याच सावकाराच्या दारात उभे राहिले. दुष्काळात दारात आलेल्या माणसाला सावकार ज्या अटी घालतो, त्या त्यांना मान्य कराव्या लागल्या.

वडिलांना, म्हणजे बापूंना, ही गोष्ट कधी पटली नाही. "रान सोडवायला किती वर्षं लागली ते माय सांगत नाही," असं ते म्हणत. त्यांचंही खरं होतं. पेव राखलं त्याची किंमत व्याजात गेली, आणि रान सुटलं तेव्हा आजोबा थकून गेले होते. म्हणून बापूंनी जन्मभर उलटा नेम पाळला. माल विकला की आधी देणं द्यायचं, उरेल त्यात घर चालवायचं. घेणेकरी दारात आलेला त्यांना सोसत नसे. त्या ताठ मानेचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यांच्या नेमाला पीकही तसंच मिळालं. लातूरकडे सोयाबीन पसरलं आणि ज्वारीचं रान आकसलं. ज्वारी घरात ठेवून खाता येते. सोयाबीन मोंढ्यातच न्यावं लागतं. तिथं अडत्याकडून पेरणीला घेतलेली उचल आधी वळती होते, मग बियाणं-खताची उधारी, आणि उरलेली रक्कम घेऊन माणूस त्याच दिवशी घरी येतो. पैसा हातात येतो आणि त्याच वाटेनं जातो. ज्या पिकाची शिल्लक आपोआप घरात पडून राहायची ते पीकच गेलं, आणि शिल्लक ठेवणं ही आता ठरवून, मन घट्ट करून करायची गोष्ट झाली. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल एवढं बोललं जातं, त्यात हा बदल कुणी मोजत नाही असं मला वाटतं.

बापू आजारी पडले त्या वर्षी घरावर एक पैशाचं देणं नव्हतं आणि घरात एक पैसाही नव्हता. सोलापूरला न्यायचं ठरलं, आणि त्या रात्री गावातून शेकडा तीननं पैसे आणले. महिन्याला शंभरामागं तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पुढं २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याच्या विनातारण कर्जाला बारा टक्क्यांची मर्यादा आली. पण रात्री दहा वाजता गाडी भाड्यानं ठरवणारा माणूस कायदा विचारत नाही. बापू वाचले. त्याच कर्जात माझ्या एजंटाचे पैसे मिसळले आणि २००८ च्या सुरुवातीला मी इथं आलो.

बरका मस्कतहून सोहारकडे जाताना लागतं. समुद्राकाठी जुना किल्ला, त्याला लागून बाजार, मागं खजुराच्या बागा. गार दिवसांत शुक्रवारी बैलांच्या टकरी होतात. आमच्याकडच्या पोळ्याची आठवण होऊन मी त्या बघायला जातो. माझं काम समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात, पंपांच्या देखभालीचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा मी इथं गोड्या पाण्याचे पंप चालू ठेवत होतो. तो उन्हाळा मला फार जड गेला.

खोलीवर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचे एक चाचा होते, आखातात अर्धं आयुष्य काढलेले. माझा पहिला पगार झाला तेव्हा सगळा पैसा घरी धाडायला मी निघालो होतो, कारण तिकडं छत्तीस टक्क्यांचं व्याज चढत होतं. चाचांनी अडवलं. "पहिलं तिकीट बाजूला काढ. करार संपला की परतीचं तिकीट कंपनी देईल. पण मधेच घरून निरोप आला तर ते तुझं तुलाच काढायचंय. तिकीट आणि महिन्याचं जेवण, एवढं धरून बाकी सगळं धाड." मी तसंच केलं. सावकाराचं देणं मिटेपर्यंत माझी शिल्लक तेवढीच राहिली, एक रियालही वर नाही.

त्या वेळी शिल्लक एवढी थोडी का, आणि पुढं घर बांधायला बँकेचं कर्ज काढल्यावर मी ती का वाढवली, हे धाकट्या भावाला समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, "दादा, नऊ टक्क्यांचं कर्ज अंगावर आणि लाख रुपये सहा टक्क्यांनी मुदतठेवीत. हे कुठलं गणित?" गणित खरं तर सोपं आहे. लाखावर तीन टक्क्यांचा तोटा, म्हणजे वर्षाला ३,००० रुपये, महिन्याला २५०. एवढी राखणावळ देऊन घरात लाखभर रुपये राहत असतील तर मी ती आनंदानं देतो. पण समोर शेकडा तीनवाला असेल तर तोच लाख राखायला वर्षाला ३०,००० लागतात, महिन्याला २,५००. तिथं पेव भरून ठेवण्यात अर्थ नाही. तिथं तिकीट, औषधपाणी आणि महिन्याचं धान्य राखून बाकी सगळं देण्यात घालावं. आजोबा आणि बापू यांच्यातला वाद एवढ्यावर मिटला असता, असं मला वाटतं. दोघं वेगवेगळ्या व्याजाच्या काळात जगले आणि दोघांनी एकच नेम सगळ्या कर्जांना लावला.

मात्र शिल्लक शून्यावर आणायची नाही, हे दोन्हीकडं सारखंच. बरका ज्या बातिना किनाऱ्यावर आहे, तिथल्या बागांत मी ते रोज बघतो. मालकांनी विहिरींतलं गोडं पाणी उपसत नेलं, पातळी खाली गेली, तशी जमिनीखालून समुद्राचं पाणी आत शिरलं. आता कित्येक विहिरी खाऱ्या आहेत आणि खजुराची झाडं वाळतायत. रिकाम्या घरात सावकार असाच शिरतो.

परदेशात आणखी एक गुंता असतो. देणं रुपयांत, पगार रियालात. रियाल डॉलरला बांधलेला आहे, १९८६ पासून एका रियालाला २.६० डॉलर. रुपया घसरला की आमचं घरचं कर्ज आपोआप हलकं होतं. मी आलो तेव्हा रियालाला शंभराच्या आसपास रुपये मिळत. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पावणेदोनशेच्या वर गेले. त्या महिन्यात एक्स्चेंजच्या दारात रांगा लागल्या. काहींनी इथल्या बँकेतून रियालात कर्ज काढून रुपये घरी धाडले. मला ते तेव्हाही पटलं नाही. रुपयातलं देणं घसरत्या रुपयाबरोबर हलकं होतं, रियालातलं देणं मात्र पगाराइतकंच कडक राहतं, आणि ते थकून प्रकरण कोर्टात गेलं तर देश सोडायलाही मनाई होऊ शकते. वाढलेल्या दरात मी जादा हप्ते भरले, पण इथली शिल्लक रियालातच ठेवली. इथली अडचण इथल्याच पैशानं सोडवावी लागते.

२०२० मध्ये ते कळलं. कोरोनामुळं १० एप्रिलला मस्कत प्रांताच्या सीमा बंद झाल्या. बरका शेजारच्या दक्षिण बातिनात, आम्ही सीमेच्या बाहेरच राहिलो. पगार कापले गेले. तेव्हा मालकाचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय दुसरीकडं नोकरी धरता येत नसे. ती अट १ जानेवारी २०२१ ला उठली. मे महिन्यात भारतात जाणारी खास विमानं सुरू झाली, पण तिकीट ज्याचं त्यानं काढायचं होतं. ज्यांनी पै न पै घरच्या कर्जात घातली होती, त्यांना थांबणं परवडत नव्हतं आणि जाणंही. रिझर्व्ह बँकेनं हप्ते लांबवायची मुभा दिली, ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली, व्याज मात्र चढतच राहिलं. मी ती मुभा घेतली नाही. शिल्लक होती म्हणून हप्ता चालू ठेवता आला.

आणि २०२१ चा सप्टेंबर. बंगालच्या उपसागरातलं गुलाब वादळ आंध्रात आलं, तिथून मराठवाड्यावर कोसळत गेलं. २८ तारखेला मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेले, आमचं नदीकडचं रान, तेच गहाण पडलेलं रान, पाण्याखाली. सोयाबीनला शेंगेतच कोंब आले. तेच वादळ पुढं अरबी समुद्रात उतरून पुन्हा उठलं, नाव शाहीन झालं, आणि ३ ऑक्टोबरच्या रात्री बातिना किनाऱ्यावर आलं. खाबुरा, सुवैक या आमच्याच किनाऱ्यावरच्या गावांत रस्ते वाहून गेले. बरका त्या मानानं बचावलं, पण एक्स्चेंज बंद, बाजार बंद. ज्या दिवसांत घरी पैसे हवे होते त्याच दिवसांत माझ्याकडून एक बैसाही निघत नव्हता. आईच्या खात्यात वेगळी ठेवलेली रक्कम होती, तिच्यावर घर चाललं. तेव्हापासून मी सगळ्या सोबत्यांना सांगतो की शिल्लक दोन्ही मुलखांत ठेवा, एकीकडं नको.

भावाला आता पटलं आहे, ते माझ्या बोलण्यानं नव्हे, मार्चअखेरनं. वेळेत फेडलं तर आमच्याकडं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं, म्हणून गावोगाव लोक मार्चअखेर चार दिवसांसाठी खासगी पैसे उचलून सोसायटीत भरतात आणि नवं-जुनं करून पुन्हा कर्ज घेतात. त्या चार दिवसांचाही दर सावकारच ठरवतो. यंदा भावानं आईच्या खात्यातून पैसे काढून सोसायटी भरली. एप्रिलमध्ये नवं कर्ज हातात आल्यावर त्यानं मला न विचारता आधी आईच्या खात्यात सगळी रक्कम परत भरली, मग तो बियाण्याची चौकशी करायला निलंग्याला गेला.